पंडिता रमाबाई : विद्येचा वारसा आणि सोपी मराठी

म्हैसूर जिल्ह्यातील बैलकुप्पे हे नाव आपल्या कानावर आले असेल. मायभूमीला मुकलेल्या तिबेटी लोकांची वसाहत १९६० च्या दशकाच्या आरंभी येथे उभी राहिली. घरदार मागे राहिले. बरोबर आली ती भाषा, ग्रंथ आणि ते मुलांना शिकवण्याची जिद्द. अशा ठिकाणी पंडिता रमाबाईंचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. कारण त्यांनाही वडिलार्जित म्हणून विद्येखेरीज काही मिळाले नव्हते.

याच कर्नाटकात, सह्याद्रीच्या रानातील गंगामूळ येथे २३ एप्रिल १८५८ रोजी त्यांचा जन्म झाला. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवण्याचे धाडस केले होते, आणि मुलीला शिकवले ते मुख्यतः या आईने. कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडे. पुढे दुष्काळात आईवडील व बहीण गेली. भावाबरोबर त्या पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या, तेव्हा तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. लवकरच भाऊ वारला. पती बिपिनबिहारी मेधावी १८८२ मध्ये निवर्तले. पदरी लहानगी मनोरमा होती.

१८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. येथे एक गोष्ट आपण विसरू नये. तेथील धर्मभगिनींशी त्यांचे श्रद्धेच्या बाबतीत मतभेद झाले आणि त्यांनी ते निर्भीडपणे मांडले. ख्रिस्ताला शरण जाणे म्हणजे बुद्धी दुसऱ्याच्या स्वाधीन करणे, असे त्यांनी कधीच मानले नाही. आपल्या मंडळ्यांना हे अजूनही थोडे अवघड वाटते!

१८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघाले व पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून वादळ उठले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई खचल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी निराधार मुली व विधवा यांना केडगावी आणले. १९०० च्या सुमारास मुक्ती सदनातील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. तेथे अक्षरओळखीबरोबर शेती, विणकाम, छपाई शिकवली जाई, आणि अंधांसाठी वेगळे वर्ग होते.

या स्त्रियांच्या हाती पवित्र शास्त्र द्यायचे, तर ते कोणत्या मराठीत? प्रचलित भाषांतर त्यांना संस्कृतप्रचुर वाटे; त्यातील कित्येक शब्दांना निराळ्या धर्मकल्पनांचा वास येई. संस्कृतात पारंगत असलेल्या या विदुषीने उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून साध्या मराठीत अख्खे पवित्र शास्त्र उतरवण्याचे काम अंगावर घेतले. भाषांतराच्या कामात आयुष्य घालवलेल्या माणसाला त्याचे मोल कळते. त्यांची वाक्ये मूळाला इतकी चिकटतात की कोठे कोठे अडखळायला होते, आणि मंडळ्यांतून त्या भाषांतराचा प्रसारही फारसा झाला नाही, हे मान्यच केले पाहिजे. पण जवळची विद्या बाजूस ठेवून निरक्षर स्त्रीच्या कानाने शब्द ऐकणे ही नवनिर्मितीच होय.

ऐकू येणे कमी झाले, प्रकृती ढासळली, १९२१ मध्ये मनोरमा गेली. तरी काम थांबले नाही. ते पुरे झाल्यावर थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंनी देह ठेवला. १९२४ मध्ये ग्रंथ केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडला. त्या छापखान्यात काम करणाऱ्या स्त्रिया मुक्ती सदनातल्याच होत्या.