खाशाबांची मान आणि आपली मानदुखी

खाशाबा जाधव यांचा जन्म १९२६ साली सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचा. वडील दादासाहेबही पैलवान. मातीत घडलेले खाशाबा १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला मॅटवर लढून सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीत त्यांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक, कांस्य, मिळवून दिले. पुढे पोलीस खात्यात नोकरी केली. १९८४ मध्ये अपघातात त्यांचे निधन झाले.

पाठ टेकू नये म्हणून पैलवान मानेवर पूल करतो. ही ताकद रोजच्या मेहनतीने येते, झटक्याने नाही. साध्या मानदुखीत प्रशिक्षित हातांच्या कायरोप्रॅक्टिक उपचाराने आराम मिळू शकतो. पण हाताला मुंग्या, अशक्तपणा, चक्कर किंवा मार असेल तर मान मोडून घेऊ नका, आधी डॉक्टरांना दाखवा.