प्रकाशाचे वाचक : डॉ. वेणू बाप्पू

मनाली कल्लाट वेणू बाप्पू यांचा जन्म १० ऑगस्ट १९२७ रोजी चेन्नई येथे झाला. वडील हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत असल्याने आकाशनिरीक्षणाचे बाळकडू त्यांना घरीच मिळाले. १९४९ मध्ये हार्वर्ड येथे शिकत असताना त्यांनी दोन सहकाऱ्यांसह एक धूमकेतू शोधला.

धूमकेतूंच्या वर्णपटात कार्बनच्या रेणूंच्या खुणा उमटतात. नवे तारे जन्मतात त्या मेघांतही कार्बनच्या लांब साखळ्या आढळल्या आहेत. इतक्या दूरचे हे ज्ञान केवळ तेथून येणाऱ्या लहरींतून मिळते. ताऱ्यांचा असा प्रकाश वाचणे हेच बाप्पूंचे जीवनकार्य होते. कॅल्शियमच्या वर्णरेषेच्या रुंदीवरून ताऱ्याची मूळ तेजस्विता ठरवण्याची रीत त्यांनी व विल्सन यांनी १९५७ मध्ये मांडली.

परदेशात मान मिळूनही ते मायदेशी परतले. कोडाईकनालची धुरा वाहून त्यांनी कावलूरची वेधशाळा उभारली आणि बंगळूरची भारतीय ताराभौतिकी संस्था घडवली. २.३४ मीटर व्यासाची दुर्बीण भारतातच घडावी, हा त्यांचा ध्यास होता. ती अपुरी असतानाच, १९ ऑगस्ट १९८२ रोजी, म्युनिक येथे त्यांचे निधन झाले. सहकाऱ्यांनी काम तडीस नेले. १९८६ मध्ये त्या दुर्बिणीला त्यांचेच नाव देण्यात आले. लावणाऱ्याने फळ पाहिले नाही. परंतु वृक्ष वाढला.