आधी सहमती, मग कायदा

विधेयक संमत झाल्याची बातमी होते. त्यामागची तयारी मात्र विस्मरणात जाते. कायदा कशासाठी करावयाचा, मसुद्याचा पाया कोणता, पैसा कोठून आणावयाचा, अंमल केव्हा सुरू करावयाचा, या प्रश्नांवर शासन आणि विधिमंडळ यांचे आधी जुळावे लागते. महाराष्ट्रात ही शिस्त ज्यांनी अंगी बाणवली, त्यांत वसंतराव नाईक यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. मुख्यमंत्री म्हणून ते सर्वांना परिचित आहेत. आयुष्याच्या अखेरीस ते वाशीमचे खासदार होते, हे मात्र फारसे आठवले जात नाही.

पुसद तालुक्यातील गहुली या गावी बंजारा कुटुंबात १ जुलै १९१३ रोजी त्यांचा जन्म झाला. नागपुरात कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी वकिली सुरू केली. १९४६ मध्ये ते पुसदचे नगराध्यक्ष झाले. १९५२ मध्ये तत्कालीन मध्य प्रदेशाच्या विधानसभेत निवडून जाऊन ते महसूल उपमंत्री झाले. पुढे द्वैभाषिक मुंबई राज्यात त्यांनी मंत्रिपद सांभाळले.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, तेव्हा विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्र या तिन्ही विभागांत स्थानिक कारभाराचे कायदे निरनिराळे होते. सर्वांसाठी एकच कायदा करणे अपरिहार्य होते. त्यासाठी थेट विधेयक आणण्याऐवजी शासनाने जून १९६० मध्ये महसूलमंत्री नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मार्च १९६१ मध्ये समितीने अहवाल दिला. बलवंतराय मेहता समितीने गटपातळीवर भर दिला होता. नाईक समितीने जिल्हा परिषद बलवान करण्याची शिफारस केली. जिल्हाधिकाऱ्यास परिषदेबाहेर ठेवावे आणि आमदार-खासदारांनाही तेथे जागा देऊ नये, असेही सुचविले.

खरी कसोटी येथेच होती. ज्या कायद्यात आमदारांना स्थान नव्हते, तो आमदारांकडूनच संमत करून घ्यावयाचा होता. अहवालाच्या आधारे विधेयक तयार झाले, १९६१ मध्येच ते संमत झाले आणि १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. समितीच्या नेमणुकीपासून अंमलबजावणीपर्यंत दोन वर्षेही लागली नाहीत.

डिसेंबर १९६३ मध्ये नाईक मुख्यमंत्री झाले आणि अकरा वर्षांहून अधिक काळ त्या पदावर राहिले. याच काळात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली. सभागृहाच्या पीठासीन अधिकाऱ्याची सूचना म्हणून ती बाजूला पडली नाही. तासगाव तालुक्यात ती अजमावली गेली आणि १९७२ च्या दुष्काळात राज्यभर लागू झाली. नाईक यांनी पद सोडले त्याच वर्षी, १९७५ मध्ये, या खर्चासाठी व्यवसाय कराचा कायदा आला. हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. आधी प्रयोग, मग निधी आणि शेवटी कायदा, असा हा क्रम होता. २००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हाच अनुभव देशापुढे होता.

१९७७ मध्ये नाईक वाशीम मतदारसंघातून लोकसभेवर गेले. केंद्रात काँग्रेसची सत्ता प्रथमच गेली होती. इतकी वर्षे शासनाच्या बाजूने विधेयके पुढे नेणारा हा नेता आता विरोधी बाकांवर बसला. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीत वाशीम हा अकोला जिल्ह्याचाच भाग होता. १ जुलै १९९८ रोजी, योगायोगाने त्यांच्या जन्मदिनीच, वाशीम हा स्वतंत्र जिल्हा झाला. या जिल्ह्याची परिषद ज्या कायद्याखाली स्थापन झाली, तो १९६१ चाच कायदा होय.