होरेस वेल्स : दात काढताना दुखू नये म्हणून झटलेला दंतवैद्य

दातांवर लेसरने उपचार होतील का, असे आता बरेच रुग्ण विचारतात. त्यामागची खरी शंका बहुधा एकच असते, ती म्हणजे दुखेल का? याच शंकेचे उत्तर शोधण्यात आयुष्य घालवलेल्या एका दंतवैद्याची ही ओळख.

होरेस वेल्स यांचा जन्म २१ जानेवारी १८१५ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात झाला. बोस्टनमध्ये दंतवैद्यक शिकून त्यांनी हार्टफर्ड शहरात दवाखाना सुरू केला. तेव्हा दात काढताना भूल देण्याची सोय नव्हती. रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतानाच दात उपटला जाई.

१० डिसेंबर १८४४ रोजी वेल्स एका करमणुकीच्या कार्यक्रमाला गेले. तिथे लोकांना नायट्रस ऑक्साइड म्हणजे 'हसवणारा वायू' हुंगायला देत. वायूच्या अमलाखाली एका तरुणाच्या पायाला जखम झाली, पण त्याला ती जाणवलीच नाही. वेल्स यांनी हे नेमके हेरले. दुसऱ्याच दिवशी तो वायू घेऊन त्यांनी सहकारी दंतवैद्याकडून स्वतःची दाढ काढून घेतली. वेदना झाल्या नाहीत. मग त्यांनी आपल्या रुग्णांसाठीही हा वायू वापरला.

जानेवारी १८४५ मध्ये बोस्टनला त्यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांसमोर प्रयोग केला. वायूची पिशवी लवकर दूर केली गेली आणि रुग्ण ओरडला. वेल्स यांची हेटाळणी झाली. १८४६ मध्ये त्यांचेच जुने सहकारी विल्यम मॉर्टन यांनी ईथरची भूल यशस्वीपणे दाखवली आणि श्रेय त्यांच्याकडे गेले.

पुढे वेल्स क्लोरोफॉर्मचे प्रयोग स्वतःवर करू लागले. त्यातून त्यांचे मन ताळ्यावर राहिले नाही. न्यूयॉर्कमध्ये रस्त्यावरील स्त्रियांवर आम्ल फेकल्याबद्दल त्यांना अटक झाली. २४ जानेवारी १८४८ रोजी, वयाच्या ३३व्या वर्षी, त्यांनी तुरुंगात जीवन संपवले. १८६४ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनने भुलेच्या शोधाचे श्रेय त्यांना दिले. ऑक्सिजनमध्ये मिसळलेला हाच वायू आजही घाबरलेल्या मुलांना उपचारावेळी शांत ठेवण्यासाठी दिला जातो.

पहिला लेसर १९६० मध्ये तयार झाला. दाताच्या कठीण भागावर चालणाऱ्या अर्बियम लेसरला अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली. दातातील पाणी या लेसरची ऊर्जा शोषून घेते आणि किडलेला भाग सुटून निघतो. ड्रिलसारखा कंप जाणवत नाही. छोटी कीड काढताना काही वेळा इंजेक्शनचीही गरज पडत नाही. हिरड्यांच्या शस्त्रक्रियेत लेसरमुळे रक्तस्राव कमी होतो.

मात्र लेसर प्रत्येक कामाला चालत नाही. जुने चांदीचे फिलिंग काढायला किंवा कॅपसाठी दात घासायला ड्रिलच लागते. खोल किडीत लेसर वापरला तरी भूल द्यावी लागू शकते.

म्हणून लेसर नाही म्हणून उपचार लांबवू नका. भीती वाटत असेल तर आधीच सांगा. उपचार चालू असताना दुखले तर हात वर करा, डॉक्टर थांबतील आणि भूल वाढवतील. बोस्टनच्या त्या प्रयोगात भूल पुरेशी चढण्याआधीच दात ओढला गेला होता. आज तशी घाई करण्याचे काहीच कारण नाही.