पालवणकर बाळू : संघात जागा, पंगतीत नाही

पालवणकर बाळू यांचा जन्म १८७६ साली धारवाडला चर्मकार कुटुंबात झाला. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबचे मैदान राखताना, सरावात त्यांना चेंडू टाकता टाकता ते डावखुरे फिरकी गोलंदाज झाले. जिंकण्यासाठी हिंदूंच्या क्लबने त्यांना संघात घेतले. चहा मात्र बाहेर, मातीच्या वेगळ्या पेल्यात दिला. पुढे मुंबईच्या हिंदू जिमखान्याने त्यांना घेतले. आपल्या डहाणूवरून जाणाऱ्या तेव्हाच्या बीबीसीआय रेल्वेने नोकरी दिली, संघातही खेळवले.

१९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी रीतसर मिळाले नाही. पालवणकर बंधूंच्या निषेधानंतर १९२३ साली ते धाकट्या विठ्ठल यांना मिळाले. १९३७च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसकडून बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. १९५५ साली त्यांचे निधन झाले.

अच्छाड-तलासरीच्या मुलामुलींना बारावीनंतर एखादे कॉलेज खेळाडू म्हणून बोलावेल, तेव्हा जरूर जावे. पण फी, वसतिगृह, दुखापत झाल्यास शिक्षणाचे काय, हे आधी लेखी विचारावे. संघाला आपला खेळ हवा असतो. माणूस म्हणून बरोबरी आपल्यालाच मागावी लागते.