१६० डॉलर्सची सेकंडहँड होडी घेऊन मसुरीत जन्मलेल्या या उपसंपादकाने अटलांटिक महासागर पार केला होता

शिडाची होडी म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? पांढरीशुभ्र यॉट, गॉगल लावलेला मालक आणि कोट्यवधींचा खर्च. म्हणजे हा छंद श्रीमंतांचा, आपण फक्त किनाऱ्यावर उभं राहून फोटो काढायचे.

पण १९६५ साली अमेरिकेतल्या एका पगारदार माणसाने हा समज पार मोडीत काढला. कारच्या मागे ट्रेलरला बांधून नेता येईल एवढ्याशा होडीतून तो एकटा अमेरिकेहून इंग्लंडला पोहोचला. त्याचं नाव रॉबर्ट मॅनरी.

आणि या माणसाची सुरुवात झाली होती आपल्या भारतात.

१९१८ साली मसुरीजवळच्या लंढोरमध्ये रॉबर्टचा जन्म झाला. वडील मिशनरी, अलाहाबादच्या इविंग ख्रिश्चन कॉलेजमध्ये शिकवायचे. रॉबर्टचं शिक्षण झालं लंढोरच्या वूडस्टॉक शाळेत. समुद्रापासून शेकडो मैल दूर, हिमालयाच्या कुशीत. तिथेच एकदा एक जर्मन दर्यावर्दी व्याख्यान द्यायला आला. छोट्या होडीतून केलेल्या सफरीचे किस्से त्याने सांगितले आणि या पोराच्या डोक्यात समुद्र शिरला तो कायमचा.

पुढे रॉबर्ट अमेरिकेला गेला. ओहायोतल्या अँटिऑक कॉलेजमधून पदवी घेतली, दुसऱ्या महायुद्धात सैन्यात नोकरी केली. मग लग्न झालं, दोन मुलं झाली आणि क्लीव्हलँडच्या 'प्लेन डीलर' या वर्तमानपत्रात उपसंपादकाची नोकरी लागली. दुसऱ्यांच्या बातम्या तपासायच्या, चुका काढायच्या, मथळे द्यायचे. महिन्याच्या पगारात घर चालवायचं. यात यॉट कुठे बसणार?

मग १९५८ साली त्याला एक जुनी होडी मिळाली. लांबी साडेतेरा फूट. ओल्ड टाऊन या कंपनीने तीसेक वर्षांपूर्वी बनवलेली लाकडी होडी, अवस्था बेताचीच. किंमत १६० डॉलर्स. मॅनरीने ती घेतली, स्वतःच्या हाताने दुरुस्त केली आणि तिचं नाव ठेवलं टिंकरबेल, पीटर पॅनच्या गोष्टीतल्या परीवरून.

आता अशा होडीचा फायदा काय, तर तिला बंदरात जागा भाड्याने घ्यावी लागत नाही. ट्रेलरवर चढवायची, गाडीला जोडायची आणि घराच्या आवारात आणून उभी करायची. सुट्टी मिळाली की ज्या तलावावर जायचं तिथे न्यायची, उतारावरून पाण्यात सोडायची, डोलकाठी उभी करून शीड लावायचं. तळाची फळी वर ओढता येते, त्यामुळे उथळ पाण्यातही ती अडकत नाही. मॅनरी कुटुंबाने एरी सरोवरावर अशा कितीतरी सहली केल्या. बायको व्हर्जिनिया आणि मुलं सगळेच यात रमले.

पण गड्याच्या डोक्यातला समुद्र काही जात नव्हता.

झालं असं की, एका मित्राने त्याच्या २५ फुटी होडीतून दोघांनी अटलांटिक पार करायची टूम काढली. मॅनरीने तयारी सुरू केली, ऑफिसात रजाही मागितली. पण मित्राने ऐनवेळी माघार घेतली. दुसरा कोणी असता तर रजा रद्द करून कामावर गेला असता. मॅनरीने मात्र ठरवलं, आता टिंकरबेलनेच जायचं आणि एकट्याने जायचं. घरच्यांना विश्वासात घेतलं. ऑफिसात मात्र बेत बदलल्याचा गवगवा केला नाही, कारण कळलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढून अडवलं असतं.

वाचताना हे धाडस वेडेपणाचं वाटतं. पण मॅनरीचं काम एकदम पद्धतशीर होतं. त्याने होडीवर छोटी केबिन बांधली. तळाला वजनदार लोखंडी पाट बसवला, म्हणजे होडी आडवी झाली तरी पुन्हा सरळ व्हावी. मोकळ्या जागांमध्ये प्लॅस्टिकचा फोम भरला, म्हणजे आत पाणी शिरलं तरी ती बुडू नये. सेक्स्टंटने सूर्य पाहून आपली जागा काढायला तो शिकला. १६० डॉलर्स ही होडीची किंमत होती, समुद्रात उतरायची तयारी करण्यात त्याची कित्येक वर्षं गेली होती.

१ जून १९६५ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या फॅलमथवरून तो निघाला. मुक्कामाचं ठिकाण इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचं फॅलमथ. नाव तेच, मध्ये अख्खा अटलांटिक.

हा प्रवास सोपा अजिबात नव्हता. लाटांनी त्याला अनेकदा होडीबाहेर फेकलं. कमरेला दोर बांधलेला होता म्हणून तो वाचला. मध्येच सुकाणू मोडलं, ते समुद्रातच दुरुस्त करावं लागलं. आणि सगळ्यात मोठं संकट होतं झोपेचं. मोठ्या जहाजांच्या वाटेवर रात्री डोळा लागला तर एखादं जहाज होडीचा चुरा करून निघून जाईल आणि त्यांना कळणारही नाही. म्हणून जागं राहण्यासाठी तो गोळ्या घ्यायचा. त्यातून त्याला भास होऊ लागले. होडीत दुसरी माणसं बसलेली दिसायची, आवाज ऐकू यायचे. त्या भरात तो वाट सोडून भलतीकडे होडी हाकत राहिला.

इकडे अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये त्याची बातमी मोठी होत होती. गंमत म्हणजे प्लेन डीलरच्या आधी क्लीव्हलँडच्याच एका टीव्ही चॅनेलने डाव साधला. त्यांच्या रिपोर्टरने ट्रॉलर भाड्याने घेतला, भर समुद्रात मॅनरीला गाठलं आणि मुलाखत उरकली. आपल्याच उपसंपादकाची बातमी पेपरच्या हातून गेली!

१७ ऑगस्टला म्हणजे ७८ दिवसांनी, सुमारे ३,२०० मैल कापून टिंकरबेल कॉर्नवॉलला पोहोचली. हिशोब केला तर दिवसाला साधारण ४१ मैल. आपल्याला आल्याचं कोणाला कळणारही नाही, असं मॅनरीला वाटत होतं. प्रत्यक्षात शेकडो बोटी त्याला आणायला निघाल्या होत्या आणि बंदरात हजारोंची गर्दी होती. बायको-मुलंही तिथे हजर होती. न थांबता अटलांटिक पार करणारी तोवरची सगळ्यात लहान होडी म्हणून टिंकरबेलचं नाव झालं.

मॅनरीने पुढे नोकरी सोडली. १९६६ साली त्याचं 'टिंकरबेल' हे पुस्तक आलं. नंतर मोठी होडी घेऊन तो सगळ्या कुटुंबासोबत लांबच्या जलसफरीवर गेला. म्हणजे मिळालेला पैसा पुन्हा पाण्यातच घातला, पण या वेळी घरच्यांना सोबत घेऊन.

हे सुख फार टिकलं नाही. ज्या व्हर्जिनियाने नवऱ्याला एकट्याला समुद्रात जाऊ दिलं आणि ७८ दिवस वाट पाहिली, ती १९६९ मध्ये कार अपघातात गेली. नवऱ्याला महासागराने सोडलं, पण बायकोला साध्या रस्त्याने गाठलं. त्यानंतर दोनच वर्षांत, फेब्रुवारी १९७१ मध्ये, हृदयविकाराच्या झटक्याने मॅनरीही गेला. वय अवघं ५२.

टिंकरबेल मात्र अजून आहे. क्लीव्हलँडच्या वेस्टर्न रिझर्व्ह हिस्टॉरिकल सोसायटीने ती जपून ठेवली आहे. आपल्याकडच्या मोठ्या कारपेक्षाही तिची लांबी कमी भरेल.