ऑस्कर बार्नाक आणि दोन खिडक्यांचा कॅमेरा

छायाचित्रणाचा नाद असलेल्यांना ऑस्कर बार्नाक हे नाव नवे नाही. इतरांनी त्यांचा 'लायका' कॅमेरा निदान चित्रात तरी पाहिलेला असतो. गेले वर्षभर मी त्या कॅमेऱ्याची एक नक्कल वापरतो आहे. घरच्या जुन्या सामानात मिळालेला हा झोर्की सोव्हिएत रशियात बनलेला. पण त्याची सारी रचना मूळची बार्नाक यांची. तो हाताळता हाताळता या माणसाविषयी कुतूहल वाढत गेले, म्हणून हा लेखनप्रपंच.

बार्नाक यांचा जन्म १८७९ सालचा, जर्मनीतील ब्रांडेनबुर्ग प्रांतातल्या एका खेड्यातला. सूक्ष्म यंत्रकाम शिकून १९०२ मध्ये ते येना येथील झाइस कारखान्यात लागले. फोटोची हौस दांडगी, परंतु दम्याने गांजलेले. १३ बाय १८ सेंटिमीटरच्या काचा घेणारा अवजड कॅमेरा, त्या काचांच्या चौकटी आणि तिपाई एवढे ओझे घेऊन थुरिंगियाच्या जंगलातले चढ चढायचे म्हणजे या माणसाची दमछाक होई. निगेटिव्ह लहान घ्यावी आणि फोटो मागाहून मोठा करावा, ही कल्पना या दमछाकीतून निघाली.

१९११ मध्ये ते वेट्झलार गावच्या लाइट्स कंपनीत गेले. कंपनी सूक्ष्मदर्शकांसाठी प्रसिद्ध. कॅमेऱ्याशी तिचा फारसा संबंध नव्हता. तेथे बार्नाक यांनी सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म घेतली, तिची चौकट दुप्पट करून २४ बाय ३६ मिलिमीटर केली आणि १९१४ पर्यंत खिशात मावेल असा कॅमेरा तयार केला. मग महायुद्ध आले. १९२० मध्ये वेट्झलारला पूर आला, तेव्हा बार्नाक यांनी याच कॅमेऱ्याने पाण्यात बुडालेले रस्ते टिपले.

खरी कसोटी पुढेच होती. १९२३ च्या भयंकर चलनवाढीने जर्मनी खचलेला, धंदेवाईक छायाचित्रकार मोठ्या काचांवर विसंबलेले. असे खेळणे विकत कोण घेणार? १९२४ च्या बैठकीत विरोधाचे सूर निघाले. तरीही मालक अर्न्स्ट लाइट्स (दुसरे) यांनी उत्पादनाचा निर्णय घेतला. बार्नाक यांच्याइतकेच मला या गृहस्थांचे कौतुक वाटते. १९२५ च्या लाइपझिग जत्रेत लायका लोकांपुढे आला. माक्स बेरेक यांनी त्यासाठी भिंग आखले होते.

या पहिल्या लायकात अंतर अंदाजाने लावावे लागे, नाहीतर वेगळे अंतरमापक वर बसवावे लागे. १९३२ च्या दुसऱ्या नमुन्यात अंतरमापक भिंगालाच जोडले गेले. माझा झोर्की या नमुन्यावर बेतलेला. मागे दोन खिडक्या. एकीत वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. भिंग फिरवून त्या एकमेकींवर आणायच्या. मग डोळा शेजारच्या खिडकीला लावून चौकट ठरवायची. तोवर समोरचे मूल हसून पळालेले असते! म्हणून अंतर आधीच लावून ठेवायचे आणि माणूस तेथे येण्याची वाट पाहायची, ही सवय हळूहळू अंगवळणी पडते. फिल्म तळाकडून भरायची, तीही तिचे टोक कात्रीने लांबट कापून. भिंग बाहेर ओढून फिरवून पक्के करायचे. ते आत राहिले किंवा त्यावर झाकण राहिले, तरी खिडकीतून सारे झकास दिसते, कारण खिडकी भिंगातून पाहतच नाही. मात्र एक सोय मोठी नामी: फिल्म पुढे सरकवताना पडदाही आपोआप ताणला जातो, त्यामुळे एकाच चौकटीवर दोनदा फोटो पडण्याची धास्ती नाही. रोज कॅमेरा हाताळणाऱ्या यंत्रकाराशिवाय हे कुणाला सुचले असते?

बार्नाक १९३६ च्या जानेवारीत वारले. वय अवघे ५६. दोन्ही खिडक्या एक करणारा लायका एम-३ त्यानंतर १८ वर्षांनी, १९५४ मध्ये बाजारात आला.